कोपऱ्यातला स्टुडिओ : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

कलाशिक्षण संपवून स्वतःचे काम नुकतेच सुरू केलेल्या, वेगळा स्टुडिओ परवडत नसलेल्या चित्रकार-शिल्पकारांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांची तक्रार जागेची आहे. प्रश्न नीट वाचले तर मात्र काम थांबते ते बरेचदा मांडामांड आणि आवराआवर यांत जाणाऱ्या वेळामुळे. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : राहणे, झोपणे आणि चित्र काढणे एकाच खोलीत आहे. रोज रात्री टेबल रिकामे करावे लागते. दुसऱ्या दिवशी सगळे मांडेपर्यंत अर्धा तास जातो आणि उत्साहही. मोठे काम करायची इच्छा आहे, पण ते ठेवू कुठे?

उत्तर : आधी एक कसोटी ठरवून घ्या. कामाला बसल्यापासून पाच मिनिटांत ब्रश रंगाला लागला पाहिजे. खोलीतली प्रत्येक मांडणी या कसोटीवर तपासा.

टेबल सोडा, भिंत धरा. १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा साधारण १२० बाय ८० सेंटिमीटरचा फळा भिंतीला स्क्रूने पक्का बसवा आणि त्याच्या खालच्या कडेला चार सेंटिमीटर रुंदीची लाकडी पट्टी लावा. चित्र त्या पट्टीवर उभे राहते, जमिनीवरची जागा अजिबात अडत नाही आणि अर्धवट काम रात्रभर तिथेच राहू शकते. हा शेवटचा फायदा सर्वांत मोठा. जाता-येता नजर पडत राहते आणि कुठे काय चुकले ते ब्रश हातात नसतानाच कळते. भिंतीला भोके पाडता येत नसतील तर तोच फळा कपाटाला टेकवून उभा करा, मात्र वरच्या बाजूने पट्ट्याने बांधून ठेवा. नुसता टेकवलेला फळा जोरात ब्रश मारला की घसरतो.

साहित्याचे ट्रे करा. एका ट्रेमध्ये फक्त चालू कामाचे रंग, तीन-चार ब्रश, कापड आणि पाण्याचे भांडे. उरलेले सगळे दुसऱ्या डब्यात, पलंगाखाली. सगळे साहित्य एकाच पेटीत ठेवले की दर वेळी पेटी उपसावी लागते आणि अर्धा तास नेमका तिथेच जातो.

ॲक्रिलिक वापरत असाल तर ओला पॅलेट घरीच करता येतो. घट्ट झाकणाचा चपटा डबा घ्या. तळाशी भिजवून हलका पिळलेला पातळ स्पंज किंवा टिश्यू पेपरचे चार-पाच थर पसरा, त्यावर बेकिंग पेपर ठेवा आणि रंग त्या कागदावर काढा. खालून ओलावा मिळत राहतो, त्यामुळे एरवी काही मिनिटांत साय धरणारा रंग झाकण लावल्यावर काही दिवस टिकतो. स्पंजवर पाणी तरंगत असेल तर रंग कडेने पातळ होऊन पसरतो, आणि स्पंज आठवड्याला धुतला नाही तर त्याला बुरशी येते. तैलरंगासाठी काचेचा पॅलेट हवाबंद डब्यात बंद करा. त्याचे वाळणे हवेतल्या ऑक्सिजनमुळे होते, त्यामुळे डब्यात जितकी कमी हवा तितका रंग जास्त टिकतो.

लहान खोलीत मागे सरकून चित्र पाहता येत नाही. चित्राच्या कर्णाच्या निदान दुप्पट अंतरावरून पाहिल्याशिवाय रचनेतले दोष दिसत नाहीत. तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर आरसा लावा आणि चित्र आरशात पाहा. अंतर जवळपास दुप्पट होते, शिवाय प्रतिमा डावी-उजवी उलटी दिसल्याने डोळ्याला सवयीचा झालेला तिरपेपणाही लगेच खुपतो.

आता मोठ्या कामाबद्दल. मोठे काम म्हणजे एकच मोठा कॅनव्हास, असे धरून चालू नका. अमेरिकी चित्रकार जेकब लॉरेन्सने १९४०-४१ मध्ये काढलेली स्थलांतरावरची चित्रमालिका ६० पॅनेलांची आहे आणि प्रत्येक पॅनेल जेमतेम १२ बाय १८ इंचांचे आहे. त्याने सगळी पॅनेल एकाच वेळी कामाला घेतली. एक रंग तयार करायचा, तो ज्या-ज्या पॅनेलवर हवा तिथे लावून घ्यायचा, मग पुढचा रंग. त्यामुळे ६० चित्रांत रंगाचा मेळ राहिला, आणि रंगही वाया गेला नाही. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीचे २००७ मधले झाडांचे प्रचंड निसर्गचित्र ५० कॅनव्हास जोडून झाले आहे. काम चालू असताना सगळे तुकडे एकत्र मांडून पाहता येत नव्हते, म्हणून त्याने प्रत्येक तुकड्याचे छायाचित्र घेऊन संगणकावर जोडून पूर्ण चित्र पाहिले. आज हे फोनवरही जमते.

तुकड्यांसाठी कॅनव्हासऐवजी हार्डबोर्ड किंवा एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) पॅनेल घ्या. नेहमीच्या कॅनव्हासची चौकट दोन सेंटिमीटर जाड असते, तेवढ्या जाडीत चार मिलिमीटरची पाच पॅनेल मावतात. पॅनेल ४० सेंटिमीटरपेक्षा मोठे असेल तर मागे लाकडी पट्ट्या चिकटवा. प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर) फक्त पुढून लावला तर पॅनेल एका बाजूला वाकते, म्हणून मागच्या बाजूलाही तेवढेच हात द्या. ओली पॅनेल वाळवायला दोन उभ्या लाकडी पट्ट्यांत दीड-दीड सेंटिमीटरवर खाचा पाडून केलेला रॅक पुरतो.

प्रश्न : झोपायच्या खोलीतच तैलरंगात काम करते. टर्पेंटाइनने डोके दुखते, म्हणून बिनवासाचे थिनर आणले. आता हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे. बिनवासाच्या थिनरमधून काढतात ते मुख्यतः उग्र वास देणारे घटक. बाष्प होतेच, फक्त नाकाला पत्ता लागत नाही आणि माणूस जास्त वेळ त्यात बसतो. या द्रावकांची बाष्पे हवेपेक्षा जड असतात, ती खाली साचतात. ज्या खोलीत रात्री अंथरूण घालायचे तिथे ही गोष्ट गंभीर आहे. एक खिडकी उघडून भागत नाही. समोरासमोर दोन वाटा हव्यात आणि त्यातल्या एकीत हवा बाहेर फेकणारा पंखा. डोके दुखत राहिले तर तो इशारा समजा, तसेच काम रेटू नका.

आमचा सल्ला सरळ आहे : राहत्या खोलीत द्रावक वापरूच नका. तैलरंगाला तो लागतोच, हा समज शिकताना लागलेल्या सवयीतून आलेला आहे. ब्रश असा साफ करा. आधी कापडाने रंग पुसून काढा, जितका निघेल तितका. मग थोड्या करडईच्या तेलात ब्रश घोळवून पुन्हा पुसा. असे दोनदा केले की बराच रंग निघतो. शेवटी साबण आणि कोमट पाणी, फेस पांढरा येईपर्यंत. साबणाची पायरी गाळू नका. केसांत राहिलेले करडईचे तेल पुढच्या थरात मिसळते, आणि ते तैलरंगात सहसा असलेल्या जवसाच्या तेलापेक्षा सावकाश वाळत असल्याने तो थर चिकट राहतो. पहिला पातळ थर द्यायला द्रावक हवाच असे वाटत असेल तर तो थर ॲक्रिलिकमध्ये द्या आणि पूर्ण वाळल्यावर वर तैलरंग चढवा. उलटा क्रम, म्हणजे तैलरंगावर ॲक्रिलिक, कधीही नको, पापुद्रे सुटतात. पाण्यात मिसळणारे तैलरंगही मिळतात. त्यांचे तेल पाण्यात मिसळेल असे बदललेले असते, वाळण्याची रीत तीच.

द्रावक बंद केला तरी हवा खेळती लागतेच. जवसाचे तेल वाळताना स्वतःही वासाची बाष्पे सोडते. ओली चित्रे झोपायच्या जागेपासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत किंवा आडोशाच्या गॅलरीत वाळवा.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट चिंध्यांची. जवसाचे तेल पाणी उडून वाळत नाही, ते ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता निघते. कापड पसरलेले असेल तर ती हवेत निघून जाते. तेच कापड चुरगाळून पिशवीत किंवा कचऱ्याच्या डब्यात कोंबले की आतली उष्णता आतच राहते, तापमान चढते, क्रिया आणखी वेगाने होते, आणि काही तासांनी चिंधी ठिणगीशिवाय पेटू शकते. म्हणजे हा धोका तुम्ही काम आवरून झोपल्यानंतरचा आहे. तेलकट कापडे आणि टिश्यू काम संपताच एकेरी पसरून मोकळ्या हवेत वाळवा, पूर्ण कडक झाल्यावरच टाका. ते शक्य नसेल तर घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा आणि तुमच्याकडे घातक कचऱ्यासाठी जी सोय असेल तिथे द्या. प्लास्टिकची पिशवी कधीही नको.

जुने थिनर शिल्लक असेल तर ते सिंकमध्ये ओतू नका. बरणीत काही दिवस स्थिर ठेवले की गाळ तळाला बसतो, वरचे निवळ ओतून पुन्हा वापरता येते. ही बरणी आणि ब्रश धुण्याची जागा, दोन्ही स्वयंपाकाच्या भांड्यांपासून वेगळी ठेवा.

प्रश्न : पैसे मोजके आहेत. विद्यार्थी दर्जाचे भरपूर रंग घ्यावेत की कलाकार दर्जाचे थोडे?

उत्तर : थोडे, पण चांगले. विद्यार्थी दर्जाच्या ट्यूबमध्ये रंगद्रव्य कमी आणि भर जास्त असते. त्यामुळे एक थर पुरत नाही, दोन-तीन द्यावे लागतात आणि स्वस्त ट्यूब लवकर संपते. अपवाद मातकट रंगांचा. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर यांची रंगद्रव्ये मुळातच स्वस्त असल्याने साध्या दर्जातही ती बरी मिळतात.

ट्यूबवरच्या नावापेक्षा मागे बारीक अक्षरांत छापलेला रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक वाचा. नावापुढे ‘ह्यू’ लिहिले असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी त्याच्यासारखी दिसणारी मिश्रणे वापरलेली असतात. एका ट्यूबमध्ये तीन-चार क्रमांक असले की ती इतर रंगांशी मिसळताना लवकर मळते. एकच क्रमांक असलेल्या ट्यूबा घ्या.

सात ट्यूबांत जवळपास सगळे भागते : टायटेनियम पांढरा (पीडब्ल्यू ६), लिंबाकडे झुकणारा हान्सा पिवळा (पीवाय ३), क्विनाक्रिडोन मजेंटा (पीआर १२२), अल्ट्रामरीन निळा (पीबी २९), थॅलो निळा (पीबी १५), यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना. काळा घेऊ नका, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून त्याहून जिवंत गडद मिळतो. थॅलो फार जोरकस आहे, मिश्रणात टाचणीच्या डोक्याएवढाच घ्या. पांढरा सर्वांत जास्त लागतो, तेवढी एक ट्यूब मोठी घ्या. तैलरंगात झिंक पांढरा (पीडब्ल्यू ४) टाळा, त्याचा थर कालांतराने ठिसूळ होऊन तडकतो. अस्सल अलिझरिन क्रिम्सन (पीआर ८३) उजेडात फिका पडतो. विकायच्या कामात तो वापरणे घेणाऱ्यावर अन्याय आहे.

काटकसर आकारात करा. लहान पॅनेल, पण नीट प्रायमर दिलेले. कागदावर तैलरंग करायचा असेल तर ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद घेऊन त्याला दोन्ही बाजूंनी ॲक्रिलिक जेसोचे (पांढऱ्या प्रायमरचे) दोन ते तीन हात द्या. नुसत्या कागदात तेल शिरले की तो पिवळा पडून ठिसूळ होतो. सरावासाठी स्वस्त कागद जरूर वापरा, मात्र प्रदर्शनात जाणारे काम आम्लमुक्त कागदावरच असू द्या.

प्रश्न : कॉलेजमध्ये छापायंत्र होते, आता नाही. लिनोकट (लिनोलियमच्या ठोकळ्यावर कोरून छापायचे चित्र) घरी छापता येईल का? माझे ठसे फुटके येतात.

उत्तर : येईल. ठसाचित्राचा लिनोकट आणि वुडकट हा प्रकार यंत्राशिवाय उत्तम निघतो. फुटक्या ठशांचे कारण बहुधा कागद आहे. यंत्रावर वापरायचा २५० ते ३०० जीएसएमचा जाड कागद हाताने दाबून शाई उचलत नाही. ३० ते ६० जीएसएमचा, लांब तंतूंचा जपानी पद्धतीचा कागद घ्या. पातळ असला तरी तो घासल्याने फाटत नाही आणि शाई कुठे बसली ते मागूनच दिसते.

दुसरे कारण शाईचे प्रमाण. काचेवर थोडीशी शाई घेऊन रोलरने पसरवा आणि आवाज ऐका. चट्-चट् असा चिकट आवाज येत असेल आणि थर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसत असेल तर शाई जास्त आहे. ती बारीक रेघांत भरेल. रोलर फिरताना एकसारखी सळसळ ऐकू आली आणि थर मखमली दिसला की प्रमाण बरोबर. ठोकळ्यावर एकदाच जाड शाई लावण्यापेक्षा पातळ चार-पाच हात द्या, प्रत्येक हाताला रोलर पुन्हा काचेवर फिरवून.

कागद ठेवला की हाताने मधून कडेकडे हलके दाबून बसवा. मग लाकडी चमच्याच्या फुगीर पाठीने लहान गोलाकार फेऱ्यांत घासा, कडा आणि मोठे भरीव भाग जास्त. एका हाताने कागद घट्ट धरून दुसऱ्याने एक कोपरा उचलून पाहा. फिके असेल तर कोपरा परत सोडून तिथे पुन्हा घासा. हाताने छापण्याचा हा फायदा यंत्रावर मिळत नाही. कागदाची पाठ खरवडली जात असेल तर मध्ये बेकिंग पेपर ठेवा.

कापण्याबद्दल दोन गोष्टी. लिनो थंड असेल तर हेअर ड्रायरने किंचित गरम करा, हत्यार लोण्यासारखे जाते. मोकळा हात कधीही हत्याराच्या पुढे ठेवू नका, ठोकळा अडवायला टेबलाच्या कडेला अडकणारी खाचेची फळी वापरा. शाई पाण्याने धुता येणारी तैलशाई घ्या, म्हणजे द्रावक लागत नाही. नुसत्या जलशाईचा ठसा लवकर वाळतो, पण ठोकळ्यावरही ती तितक्याच लवकर सुकते आणि पुढचा ठसा फुटका येतो.

एकाच ठोकळ्यावरून टप्प्याटप्प्याने कापत अनेक रंग छापायचे असतील तर मागे फिरता येत नाही. २० प्रती हव्या असतील तर पहिला रंग २६ ते २८ कागदांवर छापा, काही जुळणीत बिघडतातच. जुळणीसाठी फळीवर ठोकळ्याला एक आणि कागदाला एक असे काटकोनी कोपरे चिकटवून घ्या. ठसे चिमट्यांनी दोरीवर वाळवा. त्यांना खालची जागा लागतच नाही.

प्रश्न : मातीकाम आणि प्लास्टर घरी करावे का?

उत्तर : करता येईल, धूळ आणि सांडपाण्याची नळी सांभाळून. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात साचते, म्हणून कोरडे झाडू नका आणि वाळलेले काम कोरडे घासू नका. ओल्या स्पंजने पुसा. कामाचे कपडे वेगळे ठेवा. हात आणि हत्यारे बादलीत धुवा, रात्रभर माती बसू द्या, वरचे पाणी ओता आणि गाळ मळून परत वापरा. भट्टी एकट्याने विकत घेऊ नका, भाजणीपुरती भाड्याने मिळते का पाहा. कच्चे वाळलेले काम नेताना फार ठिसूळ असते, खोक्यात खाली-वर मऊ फोम हवा आणि पकडायचे ते तळाखाली हात घालून, कान किंवा कड धरून नव्हे.

प्लास्टर पाण्यातही घट्ट होते, त्यामुळे सिंकमध्ये गेलेले प्लास्टर नळीत दगड होऊन बसते. उरलेले लवचिक प्लास्टिकच्या भांड्यात घट्ट होऊ द्या, मग भांडे दाबून काढा. प्लास्टर पाण्यात टाकायचे, पाणी प्लास्टरमध्ये नाही. वजनाने १०० भाग प्लास्टरला साधारण ७० भाग पाणी. जाड ओतकाम घट्ट होताना भाजण्याइतके तापते, म्हणून हाताचा किंवा चेहऱ्याचा साचा थेट प्लास्टरने घेऊ नका.

प्रश्न : कामे साठत चालली आहेत. कॅनव्हास गुंडाळून ठेवले तर चालतील का?

उत्तर : नाइलाज असेल तरच, आणि रंगाची बाजू बाहेर ठेवून. आत ठेवली की रंगाचा थर आकसतो, चुण्या पडतात आणि उलगडताना तडे जातात. ज्या नळीवर गुंडाळाल तिचा व्यास निदान १५ सेंटिमीटर असू द्या. तैलचित्र हाताला कोरडे लागले तरी आतून महिनोन्महिने वाळत असते. जाड थर असलेले चित्र गुंडाळूच नका.

ॲक्रिलिकचा थर उबेने मऊ होतो आणि दोन चित्रे समोरासमोर ठेवली तर चिकटतात. मध्ये सिलिकॉनचा लेप असलेला कागद ठेवा. बबल रॅप रंगावर थेट गुंडाळला तर फुग्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात. कागदावरची कामे आम्लमुक्त कागदाच्या घड्यांत, आडवी, पलंगाखालच्या चपट्या पेटीत ठेवा. पेटी जमिनीपासून थोडी उचललेली हवी. बाहेरच्या थंड किंवा दमट भिंतीला चित्र टेकवून ठेवले की मागे बुरशी धरते, मध्ये चार बोटे मोकळी सोडा.

जे काम तुम्हालाच पुन्हा दाखवावेसे वाटत नाही त्याचे छायाचित्र घ्या आणि पॅनेल घासून पुन्हा प्रायमर द्या. ॲक्रिलिकवर हे निर्धास्त करा. जाड तैलचित्रावर ॲक्रिलिक प्रायमर नको, तो धरत नाही.

प्रश्न : अर्जांसाठी कामाची छायाचित्रे फोनवर काढतो. कधी चमकतात, कधी वाकडी येतात.

उत्तर : चित्र भिंतीवर उभे, फोन तिपाईवर, भिंग बरोबर चित्राच्या मध्याच्या उंचीवर. समांतर आहे का हे ओळखायला चित्राच्या मध्यावर एक छोटा सपाट आरसा धरा. पडद्यावर आरशात फोनचे भिंग मधोमध दिसले पाहिजे. फोन जवळ नेला की कडा फुगतात, त्यामुळे दोन-तीन मीटर मागे जा आणि झूम करणारे वेगळे भिंग असेल तर ते वापरा.

दोन सारखे दिवे, चित्राच्या दोन्ही बाजूंना, ४५ अंशांत, सारख्या अंतरावर. चित्राच्या मध्यावर पेन्सिल चित्राला काटकोनात धरून दोन्ही बाजूंच्या सावल्या सारख्या पडतात का पाहा. तरीही चमक आली तर दिवे आणखी बाजूला सरकवा. खिडकीचा उजेड आणि दिवा एकत्र करू नका, अर्धे चित्र निळे आणि अर्धे पिवळे येते. दिवे ९० पेक्षा जास्त सीआरआयचे (उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा) घ्या. रात्री चित्र काढायलाही हेच दिवे चांगले, फक्त पॅलेट आणि चित्र दोन्हींवर एकाच दिव्याचा उजेड पडू द्या.

पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, टायमर लावा. लांब बाजू ३००० पिक्सेल असेल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २५ सेंटिमीटरपर्यंत छापता येते, अर्जाला तेवढे पुरते. फाइलच्या नावात तुमचे आडनाव, चित्राचे नाव, वर्ष, माध्यम आणि मापे. निवड करणाऱ्यांकडे शेकडो फाइली असतात आणि ‘फोटो १’ कुणाचा हे कळायला मार्ग नसतो.

प्रश्न : पूर्णवेळ नोकरी आहे. थकून आल्यावर रंगाला हात लागत नाही.

उत्तर : कामे दोन प्रकारांत वेगळी करा. रंग ठरवणे आणि रचना बदलणे यांना ताजे डोके लागते. प्रायमर देणे, कागद कापणे, पॅनेल घासणे, ब्रश धुणे, नोंदी करणे ही थकलेल्या संध्याकाळी होतात. ती तेव्हाच उरकली की सुट्टीची सकाळ पूर्ण चित्राला मिळते. काम थांबवताना पुढची एक कृती चिठ्ठीवर लिहून फळ्याला लावा, ‘डाव्या कोपऱ्यातला निळा गडद करणे’ इतकी नेमकी. ‘चित्र पुढे नेणे’ अशी चिठ्ठी लिहिली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारापासूनच सुरुवात होते.

प्रश्न : किंमत कशी ठरवावी? आणि तिघी मिळून एक जागा भाड्याने घ्यायचा विचार आहे, काय पाहावे?

उत्तर : किमतीसाठी लांबी आणि रुंदीची बेरीज करून तिला एका ठरलेल्या आकड्याने गुणा. ३० बाय ४० सेंटिमीटरची बेरीज ७०, ६० बाय ८० ची १४०, म्हणजे किंमत दुप्पट. क्षेत्रफळाने गेलात तर तीच किंमत चौपट होते आणि मोठी कामे पडून राहतात. गुणायचा आकडा ठरवताना गॅलरीचे कमिशन धरा, ते अनेकदा ४० ते ५० टक्के असते. ५० टक्के कमिशन आणि फ्रेमचा खर्च किमतीच्या १० टक्के असेल तर हातात ४० टक्के येतात. साहित्य आणि तुमचा वेळ त्यात बसला पाहिजे. घरून विकताना किंमत पाडू नका. गॅलरीत एक आणि घरी दुसरी किंमत आहे हे कळले की गॅलरी पुन्हा विचारत नाही आणि आधी घेतलेला माणूस दुखावतो. काम सोपवताना यादी, किंमत, कमिशन, सवलत कुणाच्या वाट्यातून जाणार, पैसे किती दिवसांत मिळणार आणि नुकसान झाल्यास भरपाई कोण देणार, हे लिहून दोघांच्या सह्या घ्या.

ठसाचित्रांना प्रतिसंख्या आधीच ठरवा, ५/२० असा क्रमांक पेन्सिलीने लिहा. या क्रमांकांखेरीज कलाकाराने स्वतःसाठी ठेवायच्या प्रती साधारण १० टक्के असतात. ठरलेल्या २० आणि या प्रतींनंतर त्याच ठोकळ्यावरून आणखी छापू नका.

सामायिक जागेत भाड्यापेक्षा माध्यमांवरून जास्त भांडणे होतात. एकीचे मातीकाम आणि दुसरीचे ओले तैलचित्र एका हवेत नांदत नाहीत, धूळ ओल्या रंगावर बसते. जागा बघायला जाल तेव्हा पाण्याची सोय, समोरासमोरच्या खिडक्या, दाराची रुंदी आणि जिन्याचे वळण मोजा. आत तयार झालेले चित्र बाहेर निघाले पाहिजे. चित्र वळवायला लागणारी मोकळी जागा म्हणजे त्याचा कर्ण धरा, ६० बाय ८० ला १०० सेंटिमीटर. मग एका पानावर लिहून काढा : भाडे जागेच्या मापाने की समान, द्रावक चालतील की नाही, ओल्या कामाचा कोपरा कोणता, चिंध्यांचा डबा कोण रिकामा करणार, पाहुणे केव्हा येतील, किल्ल्या किती, आणि कुणी सोडून जायचे ठरवले तर किती महिने आधी सांगायचे. अनामत रक्कम कुणी किती भरली त्याची नोंद त्याच पानावर ठेवा आणि तिघींकडे एकेक प्रत असू द्या.